दीडशे युरोची चड्डी

"हँडबॉल? म्हणजे तो फुटबॉलमधला फाऊल ना?"

गेली वीस वर्षं मी हा जोक ऐकतेय. कॉलेजमध्ये ऐकला, पहिल्या जॉबच्या इंटरव्ह्यूत ऐकला, मला 'बघायला' आलेल्या एका मुलाकडूनही ऐकला (नकार कुणी कुणाला दिला ते विचारू नका!). 'हॉबीज'च्या रकान्यात 'हँडबॉल' दिसलं की समोरचा माणूस हमखास हेच म्हणतो आणि जगात पहिल्यांदा आपल्यालाच हे सुचलं अशा थाटात हसतो. मीही हसते. सवय झालीये.

त्यामुळे मागच्या हिवाळ्यात आमच्या एचआरमधली मुलगी डेस्कपाशी येऊन म्हणाली, "तू हँडबॉल खेळायचीस ना गं? दिवेआगरच्या ट्रिपला आपण बीच हँडबॉल ठेवूया का?" तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, नक्की माझ्याशीच बोलतेय ना ही?

तीस जणांची टीम, एक वीकेंड, ताम्हिणी घाटातून बस, बसमध्ये अंताक्षरी. दरवर्षी बीचवर गेलो की आम्ही रस्सीखेच खेळतो, त्यात नेहमी अकाउंट्सवाले जिंकतात. यंदा काहीतरी वेगळं हवं होतं. मी लगेच 'हो' म्हटलं. मग तिने आवाज जरा खाली आणून दुसरा प्रश्न विचारला.

"पण मुलींनी घालायचं काय?"

प्रश्न साधा होता, तिच्या मनात काही वाकडंही नव्हतं. पण मी दोन मिनिटं स्क्रीनकडे नुसती बघत बसले. कारण याच प्रश्नापायी चौदाव्या वर्षी माझा खेळ सुटला होता. आणि याच प्रश्नापायी युरोपात एका अख्ख्या राष्ट्रीय संघाला दंड झाला होता!

बिल्डरची वाळू

मी शनिवार पेठेत वाढले, वाड्यात. पुण्याला समुद्र नाही. आमचं पाणी म्हणजे मुठा, तीही खडकवासल्यातून पाणी सोडलं तरच नदीसारखी दिसणार. आणि आमचा बीच म्हणजे बिल्डरची वाळू. दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत पेठेतले वाडे एकेक करून पडत होते. प्रत्येक साइटबाहेर, अर्धा रस्ता अडवून, वाळूचा मोठा ढीग. दिवसभर त्यावर मांजरं आणि संध्याकाळी आम्ही. पळत यायचं, उडी मारायची, हवेतच चेंडू भिंतीवर फेकायचा आणि वाळूत आडवं व्हायचं. वॉचमन आला की पळ काढायचा. असाही एक खेळ असतो, त्याच्या स्पर्धा होतात, हे तेव्हा गावीही नव्हतं.

शाळेत सातवीला हँडबॉल सुरू झालं. पीटीच्या सरांना जिल्हा स्पर्धेसाठी मुली हव्या होत्या आणि मी डावखुरी होते. घरी डाव्या हाताने जेवते म्हणून मी ओरडा खायचे. पण हँडबॉलमध्ये उजव्या बाजूने गोल मारायला डावखुरं माणूस म्हणजे लॉटरी. आयुष्यात पहिल्यांदाच माझा डावा हात कुणाला तरी हवा होता.

नववीत, म्हणजे २००५ साली, आम्हाला टीमचा युनिफॉर्म मिळाला. पांढरा टी-शर्ट आणि निळी शॉर्ट्स, कडेला पांढरी पट्टी. गुडघ्याच्या चांगली वर. मी घरून निघताना त्यावर ट्रॅक पँट चढवायचे आणि ग्राउंडवर जाऊन काढायचे. एका रविवारी उशीर झाला आणि तशीच सायकल काढून वाड्याच्या चौकातून बाहेर पडले. समोरचे काका पेपर वाचत बसले होते.

"मुलगी मोठी झाली हो आता," ते बाबांना म्हणाले. अगदी हसून, कौतुकाच्या सुरात.

बाबा पण हसले. "हं," म्हणाले.

बस्स, एवढंच झालं. कुणी रागावलं नाही, कुणी 'खेळू नको' म्हटलं नाही. फक्त पुढच्या आठवड्यापासून ती शॉर्ट्स बाहेरच्या दोरीवर वाळेनाशी झाली. आई ती आत, न्हाणीघराशेजारी, टॉवेलखाली वाळत घालायला लागली. मग "पुढच्या वर्षी दहावी गं" सुरू झालं. मग क्लास लागला. मग एका दिवाळीत साफसफाई झाली आणि ती शॉर्ट्स माळ्यावर गेली. आमच्या घरात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. आमच्याकडे वस्तू माळ्यावर जातात.

आणि खरं सांगू? मीही भांडले नाही. काकांचं ते वाक्य ऐकल्यापासून ग्राउंडवर उडी मारताना माझा उजवा हात आपोआप शॉर्ट्स खाली ओढायला जायचा. गोल मारायला दोन्ही हात मोकळे लागतात हो!

दोन गुणांची गिरकी

आता जरा या बीच हँडबॉलविषयी, कारण ऑफिसातल्या तीसपैकी अठ्ठावीस जणांना मला तो शिकवायला लागला.

हॉलमधल्या हँडबॉलचं मैदान ४० बाय २० मीटर आणि खेळाडू सात. वाळूवर तेच मैदान होतं २७ बाय १२, आणि खेळाडू उरतात चार: तीन मैदानात, एक गोलात. दहा-दहा मिनिटांचे दोन सेट. प्रत्येक सेट वेगळा. म्हणजे पहिला सेट वीस गुणांनी हरलात तरी दुसरा शून्यापासून. दोघांनी एकेक सेट घेतला तर शूटआउट: एक खेळाडू पळत येणार, समोर एकटा गोलकीपर. वाळूत चेंडू टप्पा घेत नाही, त्यामुळे बॉल आपटत पळण्याचा प्रश्नच मिटला. झेल, उडी, फेक. चाल करताना गोलकीपर बाहेर पळतो आणि त्याच्या जागी चौथा हल्लेखोर आत येतो, म्हणजे तिघांवर चार. चेंडू गेला की पुन्हा उलटी पळापळ. दहा मिनिटांत जीभ बाहेर येते!

पण खरी गंमत गुणांत आहे. साधा गोल एका गुणाचा. हवेत स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेऊन गोल मारला तर दोन गुण. हवेत पास झेलून पाय टेकायच्या आत फेकला तर दोन. गोलकीपरने गोल केला तरी दोन. म्हणजे हा खेळ उघडउघड देखणेपणाला मार्क देतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीत तो जन्मला आणि जन्मापासूनच तो सुट्टीवर आलेल्या, पाय वाळूत घालून बसलेल्या प्रेक्षकांसाठी आहे. २००४ मध्ये इजिप्तमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. २००८ मध्ये बालीला पहिल्या आशियाई बीच गेम्समध्ये तो आला. आणि आपल्याकडे २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत सुरतजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर राज्याराज्यांचे संघ तो खेळले.

प्रेक्षकांनी बघावा म्हणूनच खेळ बनवला, यात काही वाईट नाही. आयपीएल तरी वेगळं काय आहे? पण 'खेळ बघा' आणि 'खेळणारीला बघा' यांच्यामधली रेघ वाळूवर काढलेली असते. पुसायला वेळ लागत नाही.

दहा सेंटिमीटर

२०२१ चा जुलै. आपण सगळे घरी, वर्क फ्रॉम होम, मीटिंगमध्ये कुकरच्या शिट्ट्या. त्या वेळी बल्गेरियात काळ्या समुद्रावरच्या वार्ना शहरात युरोपची बीच हँडबॉल चॅम्पियनशिप चालू होती.

नियम असा होता की बायकांनी बिकिनी घालायची, आणि खालच्या कपड्याची पट्टी कडेला जास्तीत जास्त दहा सेंटिमीटर. पुरुषांनाही दहा सेंटिमीटरचा नियम होता बरं का! त्यांची शॉर्ट्स गुडघ्याच्या दहा सेंटिमीटर वर संपली पाहिजे. म्हणजे टेप एकच. पुरुषांचा गुडघ्यापासून मोजायचा आणि बायकांचा कापडच मोजायचं.

या नियमाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जायचा: वाळू! अंगावर कापड जास्त असलं की त्यात वाळू अडकते म्हणे. बरोबर आहे. पण पुरुषांच्या चड्डीत वाळू शिरत नाही असा शोध कुठे लागलाय का?

नॉर्वेच्या मुलींना हे नको होतं. त्यांच्या फेडरेशनने स्पर्धेआधीच विचारलं होतं, शॉर्ट्स घातल्या तर चालेल का? उत्तर आलं, दंड होईल. मग त्या स्पर्धाभर नियमाप्रमाणे खेळल्या. आणि शेवटच्या सामन्याला, स्पेनविरुद्ध ब्राँझ मेडलसाठी, अख्खी टीम शॉर्ट्स घालून वाळूवर उतरली.

त्या हरल्या. सिनेमा असता तर जिंकल्या असत्या. चौथा नंबर आला आणि वर पंधराशे युरोचा दंड. कारण, 'अयोग्य पोशाख'. दहा खेळाडू, प्रत्येकी दीडशे युरो. आपल्या हिशेबाने माणशी साधारण तेरा हजार रुपये. जास्त कपडे घातल्याबद्दल!

पुढचं तुम्ही तेव्हा फोनवर वाचलंही असेल. जगभर बोभाटा झाला. नॉर्वेच्या फेडरेशनने दंड आपण भरू म्हटलं, अमेरिकन पॉप गायिका पिंक म्हणाली की मी भरते. पाच नॉर्डिक देशांच्या क्रीडामंत्र्यांनी नियम बदला म्हणून पत्र लिहिलं. त्याच महिन्यात टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली घोट्यापर्यंतचा पोशाख घालून उतरल्या, त्यामुळे विषय आणखी पेटला. अखेर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाने नियम बदलला आणि जानेवारी २०२२ पासून बायकांना शॉर्ट्सची परवानगी मिळाली. त्यातही मेख आहेच. बायकांच्या शॉर्ट्स 'घट्ट बसणाऱ्या' हव्यात आणि पुरुषांच्या फक्त 'फार ढगळ नकोत'. शब्द अजून वेगळेच आहेत. असो. पुण्याच्या भाषेत सांगायचं तर, एवढं झालं हेही नसे थोडके.

हा प्रकार एकट्या हँडबॉलचाही नाही. बॅडमिंटन घ्या. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम आपल्या पुण्याच्या छावणीत बसले असं मानतात, ज्याला एकेकाळी 'पूना'च म्हणायचे, तो हा खेळ. २०११ मध्ये त्याच्या जागतिक महासंघाने मोठ्या स्पर्धांत बायकांनी स्कर्टच घालावा असा नियम आणायचं ठरवलं. कारण काय, तर खेळ आकर्षक दिसावा! खूप आरडाओरडा झाला आणि २०१२ मध्ये तो बारगळला. त्याच वर्षी बीच व्हॉलीबॉलनेही बिकिनीची सक्ती सोडली. हँडबॉल जागं व्हायला आणखी नऊ वर्षं लागली.

"निळी होती ना?"

ती बातमी मी दुपारी जेवताना बाबांना वाचून दाखवली होती. वाडा जाऊन आता त्या जागी बिल्डिंग आहे, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाबा बँकेतून रिटायर झालेले. आकडा ऐकला की ते आधी हिशेब करतात.

"म्हणजे जास्त कापड वापरलं म्हणून दंड?" ते हसायला लागले. "आपल्याकडे उलटं."

मीही हसले. मग दोघंही गप्प झालो. ते ताटातल्या कोशिंबिरीकडे बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तुझी ती निळी होती ना? कडेला पट्टी होती."

सोळा वर्षांनी! बाबांना आईच्या साड्यांचे रंग आठवत नाहीत.

"तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं," ते म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले.

त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की नॉर्वेच्या मुलींची गोष्ट आणि माझी गोष्ट एकमेकींच्या विरुद्ध आहेत. त्यांना म्हणत होते 'कमी घाला', मला म्हणत होते 'झाकून घे'. पण जरा विचार केला तर दोन्हीकडे प्रश्न सेंटिमीटरचा नाहीच. टेप कुणाच्या हातात, एवढाच प्रश्न आहे. मला झाकून घेण्याचं वावडं नाही हो. पुण्याची मुलगी आहे मी! उन्हात टू-व्हीलरवर निघाले की तोंडाला स्कार्फ, हातात मोजे, वर सनकोट. आईसुद्धा सिग्नलला ओळखणार नाही. पण तो स्कार्फ मी बांधते आणि मी सोडते. चौकात पेपर वाचणारं कुणी मला त्याबद्दल सांगत नाही.

आणि दुसरी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. त्या दहा जणी होत्या. एकीनेच शॉर्ट्स घातली असती तर तिला बाजूला घेऊन समजावलं असतं, 'टीमचं बघ ना जरा.' दहा जणींना बाजूला कुठे घेणार? आमच्या टीममध्येही बारा मुली होत्या. त्या वर्षी आणखी तिघी गळल्या. प्रत्येकीचं कारण वेगळं होतं: क्लास, लांब पडतं, घरी पाहुणे. आम्ही एकमेकींना कधी खरं कारण विचारलंच नाही. प्रत्येकीला वाटत होतं की काका फक्त आपल्याच वाड्यात आहेत.

दिवेआगर

तर एचआरच्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. तिने मेलचा ड्राफ्ट तयार ठेवला होता. 'बॉइज: शॉर्ट्स. गर्ल्स: डीसेंट अँड कम्फर्टेबल.' मी तिला म्हटलं, दोन ओळींची एक ओळ कर. तिने जरा विचार केला आणि लिहिलं, 'ज्याला ज्यात पळता येईल ते.' मेल गेला. कुणाचंही काही अडलं नाही.

शनिवारी दुपारी ओहोटीला आम्ही पायाने रेघा मारल्या. सत्तावीस मीटर म्हणजे किती पावलं यावर इंजिनिअर लोकांनी वीस मिनिटं वाद घातला. गोलाच्या खांबांऐवजी रिसॉर्टच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मऊ वाळू हवी म्हणून मैदान जरा वर घेतलं, कारण ओल्या वाळूवर पडलं की काय होतं ते टेस्टिंगवाल्या एका मुलाने सगळ्यांच्या वतीने तपासून पाहिलं होतं.

कपड्यांचं म्हणाल तर सगळं दुकानच होतं. दोघी शॉर्ट्समध्ये, एक ट्रॅक पँटमध्ये, एक लेगिंग्जमध्ये. आमचा प्रोजेक्ट मॅनेजर लुंगी लावून आला आणि दुसऱ्या मिनिटाला ती त्याने स्वतःच बदलली. आमची सगळ्यात सीनिअर बाई, दोन मुलांची आई, सलवार-कमीजमध्ये होती. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. "मला फक्त गोलकीपर करा, पळायला सांगू नका," म्हणाली. पहिल्या सेटमध्ये ती चाल करायला पुढे आली (नियमात बसतं!), पास झेलला, काय झालं कुणास ठाऊक, धडपडली, त्या धडपडीत तिची पूर्ण गिरकी झाली आणि चेंडू दोन खुर्च्यांच्या मधून आरपार. दोन गुण! तिने नंतर चहाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं की ती गिरकी ठरवून मारलेली होती. आम्ही मान्य केलं.

मी काय घातलं होतं? लक्ष्मी रोडवरून नवी घेतलेली शॉर्ट्स. निळी. दुकानात मुद्दाम मागितली नव्हती, पण दिसल्यावर दुसरी बघितली नाही. पहिल्या उडीला उजवा हात सवयीने खाली जायला लागला. तेवढ्यात डावीकडून पास आला आणि हाताला तिकडे बघायला वेळच मिळाला नाही.

आम्ही शूटआउटमध्ये हरलो. शेवटचा शॉट माझाच होता. गोलकीपर टेस्टिंगवालाच, त्याने अडवला. वीस वर्षं मनात जपलेला खेळ, त्याचा शेवट असा! पण खरं सांगते, त्या रात्री बसमध्ये मला झोप लागली नाही ती हरल्यामुळे नाही. पोटऱ्या भयंकर दुखत होत्या म्हणून.

रविवारी रात्री उशिरा घरी पोहोचले. सोमवारी सकाळी उठले तर बाबा वॉशिंग मशीनसमोर उभे. ड्रमच्या तळाशी वाळू.

"किती गोल मारलेस?"

"तीन. त्यातला एक गिरकीचा."

"म्हणजे चार गुण," हिशेब करून ते म्हणाले. मग बादली उचलून चालू लागले. आमच्याकडे कपडे वाळत घालायच्या दोन जागा आहेत: एक मागची ड्राय बाल्कनी, एक पुढची, रस्त्याकडची. बाबा पुढच्या बाल्कनीत गेले. आधी टॉवेल घातला, मग टी-शर्ट, आणि मग ती शॉर्ट्स झटकून, कठड्याजवळच्या दोरीवर, समोरच्या बिल्डिंगमधूनही दिसेल अशी. एक चिमटा लावला. जरा मागे होऊन बघितलं आणि आणखी एक लावला.

"वारं आहे आज," म्हणाले.